नवी नोकरी आणि सिक्युरिटीची परीक्षा: आपापले अनुभव लिहा

गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत आयटी बघायला लागल्यावर सहा महिन्यांत मी सिक्युरिटी प्लस (कॉम्पटियाची सायबर सुरक्षेची सुरुवातीची परीक्षा) दिली. आता कॉलेजची मुलं विचारतात, "ताई, आधी नोकरीत रुळू की आधी परीक्षा देऊ?" माझ्या एकटीच्या अनुभवावर काय सांगणार? म्हणून हा धागा. कुठली परीक्षा दिलीत, वेळ कुठून काढलात, फी कोणी भरली, काय चुकलं, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

रात्री नऊ ते अकरा अभ्यास. पोर्ट नंबर, म्हणजे मशीनवरची कुठली सेवा कुठल्या दारानं चालते ते आकडे, काही केल्या लक्षात राहीनात, म्हणून कपाटाच्या दारावर चिठ्ठी चिकटवली: २२, ५३, ४४३, ३३८९. शेवटचा रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून मशीन चालवायचा, तो थेट इंटरनेटला उघडा ठेवू नये, असं वाचलं. दुसऱ्या दिवशी कामावर फायरवॉलचे नियम (बाहेरून कोण आत येऊ शकतं ते) उघडून एकेक ओळ वाचत गेले. अकराव्या ओळीत ३३८९, कुणालाही, कुठूनही. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यानं कधीतरी दुरुस्तीसाठी उघडलेला आणि तसाच राहिलेला. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, रात्रभर चुकीच्या पासवर्डांची रांग लागलेली, दर दोन-चार सेकंदाला एक. त्याच मशीनवर पॅटर्नची सगळी ड्रॉइंग होती. माझे हात गार पडले. लॉगचा कागद मालकांपुढे ठेवला, दुपारपर्यंत तो पोर्ट बंद, त्याजागी व्हीपीएन, म्हणजे फक्त आपल्या माणसांना आत घेणारा कुलूपबंद रस्ता. त्यानंतर ती चिठ्ठी मला लागलीच नाही.

परीक्षेला ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, पास व्हायला ९०० पैकी ७५०. करून दाखवायचे प्रश्न सुरुवातीलाच येतात आणि वेळ खातात. मी ते मागं ठेवले, तुम्हीही ठेवा.

*राजारामपुरीतून*

मी घरून ऑनलाइन द्यायला गेलो, तेही जुलैत. कॅमेऱ्यावर खोलीच्या चारी भिंती दाखवल्या, टेबल मोकळं केलं, आईला सांगितलं की दार उघडू नको. चाळिसाव्या प्रश्नाला लाइट गेली. लॅपटॉप चालू, राउटर बंद. नवी तारीख मिळेपर्यंत तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात नव्या कंपनीत माझी शिफ्टही बदलली. मग सरळ पुण्याचं केंद्र घेतलं, आदल्या दिवशी एसटीनं जाऊन मावशीकडं राहिलो आणि पास झालो. पावसाळ्यात आपल्याकडं घरून देणार असाल तर राउटरला बॅकअप लावल्याशिवाय बसू नका.

*शाहूपुरीतून*

मी सहकारी बँकेत चौदा वर्षं काढली. एक्केचाळिसाव्या वर्षी ऑडिटच्या कामावर गेलो आणि सीसा (CISA, आयटी ऑडिटरची परीक्षा) द्यायचं ठरवलं. १५० प्रश्न, चार तास, पास व्हायला ८०० पैकी ४५०. पहिल्या वेळी नापास झालो. कारण सांगतो. प्रश्न असतो, "ऑडिटर सर्वप्रथम काय करेल?" आणि मी दर वेळी दुरुस्ती करायला धावायचो. बँकेत सवयच ती, काउंटरवर अडलं की सोडवून मोकळं व्हायचं. ऑडिटरनं आधी जोखीम समजून घ्यायची, पुरावा बघायचा, मग बोलायचं. हे मला पुस्तकापेक्षा आमच्या वरिष्ठ बाईंनी शिकवलं. एका शाखेत बॅकअप रोज होतो असं रजिस्टर दाखवत होतं. त्या म्हणाल्या, "परत लावून दाखवा." फाइल उघडलीच नाही. दुसऱ्या वेळी परीक्षेत तो प्रसंग डोळ्यापुढं ठेवूनच उत्तरं दिली.

*कागलहून*

फी कंपनीनं भरली, पण दोन वर्षांचा बाँड होता. सही करताना कागद नीट वाचला नाही आणि आठव्या महिन्यात चांगली संधी सोडावी लागली. मनाला लागलं ते. कागद घरी आणा, घरच्यांसमोर वाचा.

*कसबा बावड्यातून*

मी रात्रपाळीला सिक्युरिटीचे अलर्ट बघतो. पहिले तीन महिने परीक्षेचं नावही काढू नका, असं माझं मत. पाळी अंगवळणी पडल्याशिवाय पुस्तक डोक्यात शिरत नाही. मी सीआयएसएसपी (सायबर सुरक्षेतल्या अनुभवी लोकांची परीक्षा) पास झालोय, पण अजून ते नाव लावता येत नाही. त्यासाठी आठपैकी किमान दोन विषयांत पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदवीमुळं एक वर्ष सुटतं. माझी दोनच झालीत, म्हणून सध्या असोसिएट. अनुभव पुरा करायला सहा वर्षं मिळतात, आणि शेवटी सर्टिफिकेट असलेल्या कुणीतरी आपल्या अनुभवाची हमी द्यावी लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवलीय: तारीख, काय काम केलं, कुणाच्या हाताखाली. नोकरी बदलली तरी वही बरोबर येते.

*धागा काढणारी*

दादा, वहीचं मला सुचलंच नव्हतं, आजच सुरू करते. त्या मुलांपैकी एक सोमवारी उद्यमनगरात कामाला लागतोय. त्याला सगळं वाचायला दिलं. परीक्षेची तारीख त्यानं अजून घेतलेली नाही. पहिल्या आठवड्यात तिथला बॅकअप परत लावून बघतो म्हणालाय.