रेडिओने घर एकत्र आणलं? मला पटत नाही

खरखर (धागाकर्ता)
जुन्या रेडिओचा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य येतंच: "तेव्हा सगळं घर एकत्र बसून ऐकायचं." एकत्र बसायचं, की एकाच्या मर्जीने गप्प बसायचं? व्हॉल्व्हचा मर्फी किंवा फिलिप्स बाहेरच्या खोलीत, पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर. बटण फिरवायचा हक्क कर्त्या पुरुषाचा. रेडिओ ठेवायचं सरकारी लायसन्सही बहुधा त्याच्याच नावावर, दरवर्षी पोस्टात पैसे भरून नवं करून आणायचं. बातम्या चालू असताना हूं की चूं नाही. सिनेमाची गाणी लागली तर "बंद करा ते थेर!"

सरकारही असंच वागत होतं. नभोवाणीमंत्री केसकरांनी १९५२मध्ये आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळपास हद्दपार केली. लोक मुकाट्याने शास्त्रीय संगीत ऐकतील असा हिशेब होता. लोकांनी काटा श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवर नेला, तिथे सिनेगीतं लागायची. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीला सिनेगीतांसाठी विविध भारती सुरू करावी लागली. तेव्हा देशात काय नि घरात काय, बटण कुणाच्या हातात हाच प्रश्न होता. एकोप्याच्या गोष्टीही बहुतेक त्या बटणवाल्यांनीच सांगितल्यात.

माजघर
फळी, लायसन्स सगळं कबूल. पण आवाज काय बाहेरच्या खोलीतच थांबत होता? रेडिओसमोर बसावं लागत नाही, हीच त्याची खुबी. टीव्ही बघायचा तर हातातलं काम टाकावं लागतं. रेडिओ तांदूळ निवडताना, पोळ्या लाटताना, मशीनवर शिवताना चालतो. आणि दुपारी कर्ते पुरुष कचेरीत असायचे तेव्हा बटण कुणाच्या हातात होतं? बायकांचा 'वनिता मंडळ' कार्यक्रम त्यांच्यासाठी लागत नव्हता!

दुसरं म्हणजे वेळ. सातला पाच कमी असताना संस्कृत बातम्या, सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक. "प्रादेशिक लागल्या, न्हाणीघरात अजून कोण आहे?" ही हाळी किती घरांत ऐकू यायची! मांडीला मांडी लावून बसलं म्हणजेच एकत्र, असं कुणी ठरवलं? अख्खं घर एकाच आवाजावर उठतंय, आवरतंय, बाहेर पडतंय, याला काय म्हणाल?

खरखर
दुपारी बाई एकटीच ऐकायची, म्हणजे घर एकत्र नव्हतंच की. माझीच बाजू मांडलीत.

माजघर
एकटी ऐकायची आणि रात्री पानावर बसल्यावर सांगायची. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी शेजारी राहत असल्यासारखे बोलण्यात यायचे. अख्ख्या घराने एकदम ऐकलेलंच हवं असेल तर गीतरामायण घ्या. १९५५ साली पुणे केंद्रावरून सुरू झालं, आठवड्याला एक गाणं, अशी ५६. त्या वेळेला कुणी कुणाला गप्प बसवत नव्हतं.

मध्यमलहरी
तुम्ही दोघं एकाच काळात अडकलात. ट्रान्झिस्टर विसरलात का? तो घरात आला आणि बाहेरच्या खोलीची सत्ता गेली. बुधवारी रात्री आठला कॉलेजातला मुलगा गच्चीवर जाऊन सिलोनवर 'बिनाका गीतमाला'त अमीन सयानींना ऐकतोय, खाली आजोबा आपलं केंद्र लावून बसलेत. टीव्हीने घरं फोडली म्हणतात, पण मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, आणि बहुतेक घरांत टीव्ही आला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तोवर ज्याचा त्याचा कान ट्रान्झिस्टरने वेगळा केला होता. एक अपवाद मात्र क्रिकेटचा. बाळ ज. पंडितांचं समालोचन चालू असलं की ट्रान्झिस्टर एकाच्या कानाला आणि "किती झाले?" विचारणारे दहा.

गावठाण
बाहेरची खोली, माजघर, गच्ची. एवढं असणारी घरं होती किती? गावात रेडिओ असायचा पंचायतीचा, आणि ऐकायला चावडीवर जायचं. १९५६मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवली. गट बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचा आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचा. मंडळात जवळपास सगळे बाप्येच, हे खरंय. पण 'रेडिओ आणि कुटुंब' म्हणताना तुम्ही चाळ-वाड्यातलं पगारदार कुटुंब धरून चाललाय, तेवढं आधी लिहा.

कानसेन
बटणावरून भांडताय, पण त्या बटणाला देशी स्टेशनं होती कुणाची? सगळी सरकारची. २६ जून १९७५च्या सकाळी इंदिरा गांधींनी आणीबाणी सांगितली ती याच रेडिओवरून. पुढे खरं काय चाललंय ते कळायला लोक शॉर्टवेव्हवर बीबीसी शोधत बसायचे. घर एकत्र येवो न येवो, सगळ्यांच्या कानात एकच बाजू ओतायला हे यंत्र फार सोयीचं होतं.

खरखर
कानसेन, माझं म्हणणं हेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. गावठाण, तुमचा मुद्दा जड आहे. चावडीवरच्या माणसाला निदान उलट प्रश्न विचारता येत होता. घरातल्या रेडिओत ही सोय कुठे होती? माजघर, याचं उत्तर द्या. वनिता मंडळ ऐकणं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी "असं करा, तसं करा" सांगणंच नव्हे का?

माजघर
पोस्टकार्ड नावाची वस्तू आठवते? फर्माइशी गाण्यांच्या 'आपली आवड'ला, विविध भारतीला ढिगाने जायची. एका गाण्यासाठी घरातल्या सगळ्यांची नावं: आई, काकू, वहिनी, शाळकरी पोरी, पाळण्यातलं बाळसुद्धा. गाण्याआधी निवेदक ती यादी वाचायचा आणि आपलं नाव यायची वाट बघत अख्खं घर कान टवकारून असायचं. सुनेचं नाव, तिचं स्वतःचं, अमक्याची बायको म्हणून नव्हे, चार जिल्ह्यांत ऐकू जायचं. लग्नपत्रिका सोडली तर त्या काळात बाईचं नाव असं चारचौघांत आणखी कुठे घेतलं जायचं, ते सांगा. मग बघू बटण कुणाचं होतं.