मासेमारीसाठी गाइड घेताना आधीच बोलून घ्या
"गाइडचे पैसे वाया, मासे काय आपले आपण पण शोधू शकतो" असं कोणीतरी म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. काठावरून गळ टाकायचा तर ठीक, पण मोठ्या तलावात उन्हाळ्यात मासे किती खोलीवर आहेत हेच तर कळत नाही ना. वरचं पाणी तापतं, खालचं थंडच राहतं आणि दोन्ही मिसळत नाहीत, त्यामुळे बऱ्याच तलावांत तळाशी ऑक्सिजन संपत येतो, तिथे गळ सोडून दिवसभर बसलात तरी काही लागत नाही. माझ्या गाइडने सोनारच्या (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) स्क्रीनवर मधोमध एक धूसर आडवी पट्टी दाखवली, म्हणजे गरम आणि थंड पाण्याची सीमा, म्हणाला मासे हिच्या वरच, आणि दोरी बरोब्बर तेवढीच सोडायला लावली. खरे पैसे या शिकण्याचे!

म्हणून बुकिंगच्या वेळीच सांगा की मला नुसते मासे नकोत, शिकायचंय, नाहीतर काही जण स्वतःच गळ टाकतात आणि मासा लागला की रॉड तुमच्या हातात देतात. आणि वारा सुटून ट्रिप रद्द झाली तर पैशांचं काय, हे पण तेव्हाच विचारा.