व्हिएन्नात एकच दिवस आणि आईला चित्रं दाखवायचीत, कसं बसवू?

सांगलीची मुलगी:
मी म्युनिकला असते, आई महिनाभरासाठी आलीये. तिने तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या किती बॅच तिच्या हाताखालून गेल्या, पण ही मोठी चित्रं तिने फक्त पुस्तकात आणि कॅलेंडरवर पाहिलीत. पुढच्या गुरुवारी अख्खा दिवस व्हिएन्नात मिळतोय, हॉटेल मेन स्टेशनजवळच. तिला क्लिम्टचं 'द किस' हे चित्र आणि सोळाव्या शतकातल्या ब्रॉयगलची चित्रं बघायचीत. मी बेल्व्हेडेर, कुन्स्टहिस्टोरिशेस, आल्बर्टिना ही तीन संग्रहालयं, शोनब्रुन राजवाडा आणि स्टेफान्सडोम हे मोठं चर्च अशी यादी केलीये. गुडघे दुखतात तिचे. होईल का एवढं की काही कापू?

डोंबिवली टू डॅन्यूब:
ताई, आल्बर्टिना आणि शोनब्रुनवर आत्ताच काट मारा. काकूंना घेऊन पाच ठिकाणं केलीत तर लक्षात राहतील फक्त रांगा.

सकाळी अप्पर बेल्व्हेडेर उघडल्या उघडल्या आत शिरा, तिकीट वेळेचा स्लॉट घेऊन ऑनलाइनच काढा. 'किस' १९०७-०८ चं, १८० बाय १८० सेंमी, पूर्ण चौरस. त्यात खरा सोन्याचा वर्ख लावलाय; क्लिम्टचे वडील सोन्यावर नक्षी कोरायचे, ते डोक्यात ठेवून जवळून बघा, आणि त्या बाईची पायाची बोटं बघा, फुलांच्या कडेवर कशी आवळून धरलीत, कॅलेंडरवर तिकडे कोणाचं लक्षच जात नाही. मग बाहेर येऊन डी ट्राम पकडा, बुर्गरिंगला उतरलं की समोर कुन्स्टहिस्टोरिशेस. गुरुवारी ते रात्री ९ पर्यंत असतं त्यामुळे दुपारी हॉटेलवर जाऊन काकूंना तासभर आडवं होता येईल, घाई नाही. जॅकेट-बॅग खाली जमा करून लिफ्टने पहिल्या मजल्यावर जा, पण जिन्याच्या खांबांमधली चित्रं बघायला विसरू नका, त्यातली काही तरुण क्लिम्टनेच काढलीत, सोन्याचा क्लिम्ट व्हायच्या कितीतरी आधी.

ब्रॉयगलचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह इथे आहे, बाराएक चित्रं. 'बर्फातले शिकारी' (१५६५) समोर बसा. तीन माणसं पाठमोरी, कुत्री मान खाली घालून चाललीत, दिवसभराची कमाई काय तर काठीला टांगलेला एक कोल्हा. डावीकडे खानावळीची पाटी एका कडीवर लोंबकळतेय. आणि खाली गोठलेल्या तळ्यावर पोरं खेळतायत. मी व्हिएन्नात सहा वर्षं राहिलो, दर हिवाळ्यात एकदा तरी या चित्रासमोर जाऊन बसायचो, घरची आठवण आली की तर नक्कीच.

रानपाखरू:
वरच्यांशी सहमत, पण शोनब्रुनबद्दल एक सांगते. तिथे अठराव्या शतकातली राणी मारिया थेरेसा हिच्या काळातली मिलिओनेनझिमर नावाची खोली आहे, शिसवी लाकडाने मढवलेल्या भिंती आणि त्यात मुघल लघुचित्रं अक्षरशः कापून, जोडून बसवलीत. बघताना पोटात कालवतं आणि नजरही हटत नाही. चित्रकलेच्या बाईंना ते दाखवावं असं मला मनापासून वाटतं, फक्त त्यासाठी दुसरा दिवस काढा आणि तिकिटात ती खोली येते का ते आधी बघा. स्टेफान्सडोमचा दक्षिण मनोरा ३४३ पायऱ्यांचा आहे, काकूंना तो नकोच. उत्तरेकडच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाला थेट डोंगरातलं झऱ्याचं पाणी येतं, १८७३ पासून.

सांगलीची मुलगी:
जाऊन आलो, सगळ्यांचे खूप आभार! 'किस'समोर गर्दी होती, सगळ्यांचे मोबाईल वर, आई बाजूला थांबून राहिली आणि गर्दी जरा ओसरल्यावर पुढे जाऊन आधी पायाची बोटंच बघितली. दुपारी झोप काढली. संध्याकाळी ब्रॉयगलच्या दालनात ती शिकाऱ्यांपाशी थांबली खरी, पण अडकली 'शेतकऱ्यांचं लग्न'मध्ये. म्हणाली अगं ही तर आपली पंगत, दार बिजागरीवरून काढून त्यावर वाडगे ठेवून दोघं वाढायला आणतायत, नवरी डोळे मिटून गप्प बसलीये आणि खाली मोठी टोपी घातलेलं पोर बोटाने ताटली चाटतंय, टोपीत मोराचं पीस. पर्समधून छोटी वही काढली आणि ते पोर पेन्सिलीने उतरवलं, पाऊण तास. तिथला गार्ड दोनदा येऊन वहीत डोकावून गेला, दुसऱ्यांदा हसला. स्टेफान्सडोम बाहेरूनच पाहिलं, रात्री, दिवे लागलेले. शोनब्रुन राहिलंय, त्या खोलीसाठी आईने पुढच्या वर्षी परत यायचं कबूल केलंय.