खरं निघालं म्हणजे माहीत होतं का?

प्रश्न: समजा, लेबल वाचून 'हे सोयाबीन ७० टक्के उगवेल' असं मानलं. लेबल दुसऱ्याच लॉटचं, तरी बी तेवढंच उगवलं. याला ज्ञान म्हणायचं?

– नाही भाऊ. विश्वास खरा, कारणही होतं, पण ते या बियाण्याचं नव्हतं. 'खरा विश्वास आणि त्याला कारण म्हणजे ज्ञान' या व्याख्येतली हीच फट तत्त्वज्ञ गेटियरने १९६३ मध्ये दाखवली. त्याच्या कितीतरी आधी, आठव्या शतकात, बौद्ध तत्त्वज्ञ धर्मोत्तराने लिहिलं: एकजण मृगजळाला पाणी समजून गेला आणि तिथं खडकाखाली खरंच पाणी होतं!

– मग कारण बियाण्याशीच जोडा. पोत्याच्या वरून, मधून, तळातून न निवडता १०० दाणे घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवड्याने उगवलेले मोजा. टपोरे वेचले की आकडा फुगतो.

– ७० आले तरी नऊ-दहाचा वर-खाली फरक धराच. चारदा करून सरासरी काढली तर तो निम्मा होतो.