बंद गाडीमागे त्रिकोण की टपावर दिवा?

खेडचा पाहुणा:
परवा रात्री भोस्ते घाटात टायर फुटला. धो धो पाऊस. मागच्या गाड्यांना इशारा द्यायचा लाल त्रिकोण घेऊन मागे चालत निघालो, तर उतारावरून आलेला ट्रक दोन हातांवरून गेला. चिखलाने चष्मा भरला, समोरचं दिसेना.
स्पेनमध्ये १ जानेवारी २०२६ पासून त्रिकोणाऐवजी व्ही-१६ नावाचा लुकलुकता दिवा सक्तीचा झालाय. तळाला चुंबक. खिडकीतून हात काढून टपावर ठेवायचा, रस्त्यावर उतरायचंच नाही. आत सिम असतं, गाडी कुठे बंद पडलीय ते थेट तिथल्या वाहतूक खात्याला कळतं. सिमचा किमान १२ वर्षांचा खर्च किमतीतच धरलेला. मुंबई-गोवा महामार्गावर हे का नको?

वैभववाडीकर:
आमच्या करूळ घाटात फोन लागणा नाय, थंय सिम काय करतलां? आणि वळणाचं काय? टपावरचा दिवा गाडीजवळच राहणार. वळणाअलीकडच्याला तो दिसेपर्यंत ब्रेक दाबायला उशीर झालेला असतो. त्रिकोण निदान वळणाच्या अलीकडे नेऊन ठेवता येतो. स्पेनमध्येही हीच ओरड आहे.

खेडचा पाहुणा:
पण नेऊन ठेवायला चालत जाणाराच मरतो ना! त्याचसाठी तर त्यांनी त्रिकोण काढून टाकला.

गॅरेजवाला, चिपळूण:
त्या दिव्याची बॅटरी किमान अर्धा तास चालली पाहिजे असा नियम आहे म्हणे. पावसाळ्यात मी कशेडीला पोचेपर्यंत दीड तास जातो. पुढचा तासभर अंधारच की.
आणि ट्रकवाले? हौद्यावर ताडपत्री, चुंबक चिकटणार कशाला? ते पूर्वीपासून फांदी तोडतात, चार दगड मांडतात. काम झालं की ट्रक जातो, दगड तिथेच. रात्री दुचाकीवाला त्यावर आपटतो. असे कितीतरी वाकलेले रिम माझ्याकडे येतात.

सायली_रत्नागिरी:
नव्या टॅक्सी-बसना २०१९ पासून ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे. ते दाबल्यावर पलीकडे कोण बघतं, हे आधी सांगा. दिव्याचंही तेच होणार. त्यापेक्षा महामार्गाच्या मदत क्रमांकावर, १०३३ ला, फोन करा.

वैभववाडीकर:
@सायली फोन लागला तर! बाय द वे, @खेड, त्रिकोण शेवटी लावलात का?

खेडचा पाहुणा:
नाही. सात वर्षांत पिशवीतून काढलाच नव्हता. त्याचे पाय कसे उघडायचे तेच कळेना. शेवटी दगडच लावले. (निघताना उचलले हो, गॅरेजवाले!)