मदत हवी आहे: स्ट्रॅट गिटारवर जीके-३ पिकअप बसवला, पण पहिली तार छेडली की दुसरीही बोलते

मंडळी, नमस्कार. फोटो रात्री टाकतो, तोवर जमेल तेवढं लिहून सांगतो.

मी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. आमचा कीबोर्डवाला मे महिन्यात दुबईला गेला आणि त्याच्या वाटचे बासरीचे, व्हायोलिनचे तुकडे माझ्या गळ्यात पडले. म्हणून रोलंडचा जीआर-५५ (गिटारचा सूर ओळखून तो बासरी-व्हायोलिनच्या आवाजात वाजवणारा सिंथ) आणि सोबत जीके-३ (प्रत्येक तारेचा आवाज वेगळा उचलणारा पिकअप) असा जोड सेकंडहँड घेतला. गिटार स्ट्रॅट पद्धतीची, तारांचा सेट नऊचा म्हणजे पातळ, ट्रेमोलो (दांड्याने सूर वर-खाली करणारा ब्रिज) तरंगता. कोजागिरीचा कार्यक्रम तोंडावर आलाय.

पिकअप ब्रिज आणि मागच्या पिकअपच्या मधल्या फटीत बसवला. मूळ चिकटपट्टी आधीच्या मालकाने वापरून टाकली होती, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातून फोमची दुहेरी टेप आणली. स्क्रूने बसवायची सोयही आहे, पण ही गिटार पहिल्या पगारातून घेतलेली, तिला भोक पाडायला हात धजत नाही. शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन मात्र आणून ठेवलंय.

आता रडगाणं:

१) पहिल्या तारेवर बासरी वाजवली की मधूनच दुसऱ्या तारेचाही सूर उमटतो. दोन बासरीवाले, त्यातला एक पिऊन आलेला, असं ऐकू येतं.

२) बाराव्या फ्रेटच्या वर पहिली तार पिकअपला घासते. ट्रेमोलोचा दांडा वर ओढला तर टकटक आवाजच येतो.

३) सहाव्या तारेवर सूर उशिरा येतो, कधी कधी चुकीचाच.

४) जीके-३ वरचा स्विच 'गिटार'वर केला की सगळं चिडीचूप.

पिकअप खराब निघाला की माझं फिटिंग? आणि भोक पाडल्याशिवाय गत्यंतर नाही का?

— पहिला_पगार

---

तेरा_पिन: चौथ्यापासून सुरू करतो, ते सोपं आहे. गिटारच्या जॅकमधून एक छोटी केबल जीके-३ मध्ये लावायची असते. ती लावली आहेस का? जीके-३ पासून जीआर-५५ ला जाणाऱ्या केबलच्या तेरा पिनांपैकी सहा पिना सहा तारांच्या आणि एक तुझ्या नेहमीच्या पिकअपची. ती छोटी केबल नसेल तर त्या सातव्या पिनेवर जाणार काय?

आता उंची. बाविसावा फ्रेट दाबून धर आणि तार व पिकअपमध्ये एटीएम कार्ड सरकव. कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं, आपल्याला साधारण एक मिलिमीटर फट हवी. कार्ड सैलसर जायला हवं, पण दोन एकत्र जायला नकोत. सहाही तारांचं कळव.

पहिला_पगार: केबल नव्हतीच लावली 🙈 लाज वाटली. कार्डाचं: पहिल्या तारेखाली जातच नाही. सहावीखाली दोन एकत्र जातात.

तेरा_पिन: मग पिकअपला दोष देऊ नकोस, दोष फोमचा. ती टेप जाड असते, वर मऊ. तू एका बाजूला जास्त दाबलीस, पिकअप तिरका बसला. शिवाय वाजवताना तो डुलत असणार. ड्रायरने गरम कर, खालून दोरा ओढून टेप काप. रंगावर पाते लावू नकोस. मग पातळ टेप, आणि ज्या बाजूला कमी पडेल तिथे जुन्या व्हिजिटिंग कार्डाचे तुकडे. चिकटवण्याआधी वरून सरळ बघ, प्रत्येक तार पिकअपमधल्या आपापल्या कॉइलच्या मधोमध गेली पाहिजे. जरा सरकली की शेजारणीचं बोलणं ऐकू येतंच.

मंद्र_सप्तक: वरच्यांशी सहमत, पण फिटिंगनंतर सेटिंगही नव्याने कर. जीआर-५५ च्या जीके सेटिंगमध्ये स्केल (नट म्हणजे मानेच्या टोकाची पट्टी, तिथपासून ब्रिजपर्यंतची लांबी) ६४८ मिमी टाक, प्रत्येक तारेखाली पिकअपचं ब्रिजपासूनचं अंतर पट्टीने मोजून भर, अंदाजाने नाही. मग एकेक तार जोरात वाजवून सेन्सिटिव्हिटी (यंत्र त्या तारेला किती दाद देतं ते) लाव, मीटर पूर्ण भरायच्या जरासा आधी थांबला पाहिजे. दुसरी तार फुकट वाजत असेल तर तिची किंचित कमी कर.

तिसऱ्या तक्रारीवर मात्र टेपचा इलाज नाही. सहावी तार, म्हणजे जाड 'ई', सेकंदाला ८२ वेळा कंप पावते, म्हणजे एका फेऱ्यालाच १२ मिलिसेकंद. यंत्राला सूर ओळखायला एखादा फेरा तरी ऐकावा लागणार ना? म्हणून बासरी वरच्या तीन तारांवर वाजव आणि पॅचमध्ये (त्या आवाजाच्या सेटिंगमध्ये) एक सप्तक खाली उतरव. ट्रेमोलोचा दांडा सध्या काढून ठेव, वर ओढला की तारा खाली बसतात. आणि नटपाशी केसांचा रबरबँड गुंडाळ. मोकळ्या तारांची कुजबुज थांबते. बासरीसाठी हा माझा नेहमीचा उपाय, दिसतो वाईट.

पहिला_पगार: काल रात्री दीडपर्यंत बसलो. तीन व्हिजिटिंग कार्डं कापली, त्यातलं एक माझ्याच जुन्या नोकरीचं. आता सहाही तारांखाली एकच कार्ड जातं. पहिली तार एकटी बोलते, घासत नाही. अंतरं मोजली तर मी आधी सगळीकडे एकच आकडा भरून ठेवला होता. 'गिटार'वर आवाज आहे. सहावीवर बासरी वाजवणं सोडून दिलं, तिथे नुसती गिटार.

रबरबँड बायकोचा गुलाबी आहे. कार्यक्रमाच्या आधी काळा मिळवतो. ड्रिल मशीन सकाळीच परत केलं.