मदत हवी आहे: पायथनमधून ट्री-सिटरने जावास्क्रिप्ट वाचतोय, मराठी अक्षरं आली की जागा सरकते

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार मंडळी. दोन दिवस झाले, डोकं चालेना.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्याचं ऑर्डर आणि मजुरीचं वेब अ‍ॅप माझ्या गळ्यात पडलंय. आधी ज्याने केलं त्याने सगळी मराठी लेबलं थेट जावास्क्रिप्टमध्ये ठोकून ठेवलीत. आता मालकांना तेच पडदे तेलुगू आणि कन्नडमध्येही हवेत. मागावरचे बरेच जण घरी तेलुगूच बोलतात, आणि अक्कलकोटकडून येणारे कन्नड. एकूण ३८ फाइली. हाताने करायला बसलो तर गड्ड्याची जत्रा उजाडेल.

म्हणून पायथनची स्क्रिप्ट. मराठी स्ट्रिंग शोधायच्या, एक्सेलमध्ये काढून भाषांतराला द्यायच्या, आणि त्या जागी भाषांतराच्या फंक्शनला कॉल टाकायचा. आधी रेजेक्स (नमुना देऊन मजकूर शोधणं) लावून पाहिला, पण कॉमेंटमधल्या अवतरणचिन्हांनीच त्याची वाट लावली. मग एस्प्रिमा या पार्सरचं (कोड वाचून त्याची रचना सांगणारं साधन) पायथनमधलं रूप घेतलं. त्याला २०१७ पर्यंतचंच जावास्क्रिप्ट कळतं आणि आमच्या कोडात त्यानंतर आलेलं ऑप्शनल चेनिंग जागोजागी, त्यामुळे ते पहिल्याच फाइलीत आडवं पडलं. शेवटी ट्री-सिटर, हाही पार्सरच. आतलं यंत्र सीमध्ये, वरून पायथनचं बाइंडिंग (जोडणारा थर). पिपने मुकाट बसलं, वेगही झकास.

आता घोळ सांगतो. मोबाइलवरून लिहितोय, त्यामुळे कोड शब्दांतच. फाइलीची पहिलीच ओळ म्हणजे एक अ‍ॅरे: "चादर", "टॉवेल", "नॅपकिन". ट्री-सिटर कोडाचं झाड करतो, त्यातल्या नोडचा (एका तुकड्याचा) स्टार्ट-बाइट आणि एंड-बाइट घेऊन मी मजकुरातून तेवढा तुकडा कापतो. पहिली स्ट्रिंग मागितली तर चादरीला टॉवेल चिकटून आला, शेवटचं अवतरणचिन्ह तेवढं गळालं. दुसरी मागितली तर टॉवेलचा पत्ता नाही. नॅपकिन हजर, तोही कंसासकट, वर पुढच्या ओळीचं टोक घेऊन. जिथे मराठी अजिबात नाही त्या छोट्या फाइलीत सगळं चोख.

त्यातही गंमत म्हणजे नोडचं टेक्स्ट डीकोड करून छापलं की "चादर" अगदी बरोबर दिसतं. मी कापलं की चुकतं! बाइंडिंगमध्येच बग आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कडक_भाकरी

हे सगळं नोड-जेएसमध्ये बॅबेल वापरून का नाही करत? जावास्क्रिप्टच्या घरचंच आहे की.

पूर्वभाग_सोलापूर

करता येईल, पण एक्सेलचं आणि डेटाबेसचं बाकी सगळं पायथनमध्ये तयार आहे. शिवाय बॅबेल शिकायला घेतलं तर आणखी एक आठवडा गेला.

जुना_सर्व्हर

बग नाही. नोडचं टेक्स्ट बरोबर येतं हाच पुरावा. ते नावातच सांगतंय बघा, स्टार्ट-*बाइट*. तुम्ही मात्र अक्षरं मोजून कापताय.

यूटीएफ-८मध्ये (मजकूर बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा वेगळी. "चादर" म्हणजे च, काना, द, र. पायथनच्या स्ट्रिंगच्या हिशोबात ४, बाइटमध्ये १२. फरक ८. आता मोजा: चादरीच्या बंद अवतरणानंतर स्वल्पविराम, मोकळी जागा, अवतरण, आणि ट, ऑ, व, मात्रा, ल. झाले बरोबर ८! म्हणून टॉवेल आला आणि त्याचं शेवटचं चिन्ह राहिलं. दुसऱ्या स्ट्रिंगची सुरुवात त्याच ८ने पुढे सरकली, म्हणून थेट नॅपकिन. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो, म्हणून बिनमराठी फाइलीत दोन्ही हिशोब जुळले.

उपाय: फाइल बायनरीत (कच्च्या बाइटांत) उघडा, तेच बाइट पार्सरला द्या, तेच बाइट कापा, आणि कापलेला तुकडा अगदी शेवटी डीकोड करा, म्हणजे बाइटांचा परत मजकूर. ओळ आणि कॉलम वापरून सुटायला जाऊ नका. ओळ बरोबर येईल, पण कॉलमही बाइटमध्येच मोजलेला असतो. तेलुगू-कन्नड लिपीलाही चिन्हामागे ३च बाइट, त्यामुळे पुढे हीच गाठ पुन्हा बसेल.

पूर्वभाग_सोलापूर

अरे देवा. नावातच होतं की!

दादा, केलं, पण अर्धंच जमलं. पहिली ओळ आता चोख. ४१व्या ओळीवर मात्र सुरुवात बरोबर ४० बाइट पुढे. मधेच डीकोडिंगचा एरर येतो, अवैध बाइट म्हणून. पार्सरला बायनरी देतोय. कापताना जुनाच मजकूर एनकोड करून बाइट केलेत.

जुना_सर्व्हर

तो "जुनाच मजकूर" टेक्स्ट मोडमध्ये वाचलाय ना? फाइली विंडोजवर बनलेल्या असणार. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन बाइट असतात, आणि पायथन टेक्स्ट मोडमध्ये वाचताना गुपचूप त्यांचा एक करतो. दर ओळीमागे एक बाइट गळाला, ४० ओळींमागे ४०. एरर येतो कारण सरकलेला कट एखाद्या अक्षराच्या तीन बाइटांच्या मध्येच बसतो. "तेच बाइट" म्हणालो ते याचसाठी. एकदाच वाचा, आणि लिहितानाही बायनरीतच लिहा.

आणि बदल फाइलीच्या शेवटून सुरू करून वर या. वरून खाली आलात तर पहिला बदल झाला की पुढचे सगळे आकडे शिळे.

मंगळवेढेकर

तांत्रिक बाजू वर आलीच आहे, मला वेगळीच भीती वाटते. सगळ्या मराठी स्ट्रिंग लेबलं आहेत हे कुणी सांगितलं? मजुरीच्या कोडात कुठेतरी "माल जर चादर असेल तर हा दर" अशी तुलना असणारच. तिथे भाषांतराचा कॉल घातलात, की तेलुगू निवडलेल्या कामगाराच्या पडद्यावर ती अट कधीच खरी होणार नाही. डेटाबेसमध्ये मराठी "चादर"च पडलेली ना! एरर काही दिसणार नाही, फक्त मजुरी चुकेल. आणि ते शनिवारी पगाराच्या वेळी कळेल.

ट्री-सिटरमध्ये प्रत्येक नोडचा पालक (त्याच्या वरचा नोड) बघता येतो. स्ट्रिंगचा पालक बायनरी एक्स्प्रेशन (दोन बाजूंची तुलना वगैरे) असेल, किंवा ती ऑब्जेक्टची "की" (किमतीच्या आधीचं नाव) असेल, तर हात लावू नका, वेगळ्या यादीत टाका आणि डोळ्यांनी बघा. अशा "की"च्या जागी नुसता कॉल ठेवून वाक्यरचनाही मोडते. स्विचच्या केसलाही हात लावू नका, तीही तुलनाच.

पूर्वभाग_सोलापूर

मंगळवेढेकर, साष्टांग. पालक बघितले. ६१२ मराठी स्ट्रिंगांपैकी ४७ तुलनेत किंवा स्विचमध्ये निघाल्या, आणि त्यातल्या १९ एकट्या मजुरीच्या फाइलीत! त्या तशाच ठेवल्यात. दर ठरवताना मराठी नावाऐवजी मालाचा कोड वापरायचा, असं मालकांशी बोललोय. ते वेगळं काम, वेगळं बिल.

बायनरीत वाचून, बायनरीत कापून, खालून वर बदल करून ३८ पैकी ३५ फाइली बिनबोभाट झाल्या. उरलेल्या तिनांत टेम्प्लेट स्ट्रिंग आहेत, "एवढ्या नगांची एवढी मजुरी" छाप, मधे आकडे. त्याचे तुकडे वेगळे भाषांतराला दिले तर भाषांतर करणारा "ची" एकटी बघून काय करणार?

जुना_सर्व्हर

तुकडे करू नका. अख्ख्या वाक्याला एकच "की" (भाषांतर शोधायचं नाव), आणि आकड्यांच्या जागी नाव दिलेल्या रिकाम्या जागा. मग तेलुगूत आकडा कुठे बसवायचा ते भाषांतर करणारा ठरवेल. ट्री-सिटरमध्ये टेम्प्लेटच्या आत घातलेले भाग वेगळे नोड म्हणून मिळतात, त्यांना क्रमाने नावं द्या. तीनच फाइली असतील तर मात्र हाताने करा राव, स्क्रिप्ट लिहीपर्यंत चहा गार होईल.

पूर्वभाग_सोलापूर

हातानेच करतो. आभार!